पॅनिक म्हणजे नक्की काय

तुकोगंज, इंदूर
४ मार्च २०२५

चि. संहितास आजीचे आशीर्वाद.

तुमच्या हॉस्टेलात मोबाईल काढून घेतात, म्हणून डब्यात पत्र घालते आहे. तेल लागायच्या आत वाच. रिकाम्या डब्यातली तुझी चिठ्ठी मिळाली. सराव परीक्षेत तुला पॅनिक झालं, म्हणून रविवारचा पेपर देणार नाहीस म्हणे. तुझ्या बापाला अर्थ विचारला, तर अशोकलाच ते झालं. चहा टाकून मोबाईलवर लक्षणं वाचत बसला. आपल्यात घाबरायला शब्द काय कमी आहेत? धडकी भरते, बोबडी वळते, पाचावर धारण बसते. तुझं यातलं कुठलं ते कळव. तसा उपाय करते.

लोभ आहे तेवढा पुरे.
आजी

भंवरकुआं
५ मार्च

ती. आजीस सा. न.

यातलं कुठलंच नाही गं. सगळं येत असतं, पण पेपर समोर आला की अचानक हात गार पडतात आणि उठून पळावं एवढंच सुचतं. कारण काहीच नसतं. हॉस्टेलातच क्लास घेणारे अर्पितसर "पॅनिक नहीं करने का" इतक्यांदा म्हणतात, की ज्यांना होत नव्हतं त्यांनाही होतं. तू बाबांना समजाव. उपाय नको. इकडे तर येऊच नको.

तुझी संहिता

तुकोगंज
७ मार्च

चि. संहितास आशीर्वाद.

येऊ नको म्हणालीस, म्हणजे दुखणं मोठं, म्हणून काल आले. चौकीदार भिया वर सोडेना. मग तुझ्या फोटोवरूनच मिरच्या-मोहरी उतरवली आणि तुमच्या स्वयंपाकघरात तव्यावर टाकली. ठसका लागेना, म्हणजे नजर भारी. आणखी मूठभर टाकल्या. मग लागला.

आगीची घंटा वाजली. पोरी रस्त्यावर, आणि त्यांच्या पुढे तुमचे सर, एका पायात चप्पल. तू तेवढी उलटी आत आलीस, गॅस बंद केलास, माझ्या नाकाला ओला पदर लावून बाहेर काढलंस. वर एवढं बोललीस की मी गप्प बसले. मी गप्प बसले, हे घरात कुणाला खरं वाटत नाही.

आगीला न पळणारी कागदाला पळणार? अशोक म्हणतो, यंदा राहू दे. मी म्हटलं, पेपरला बसायचं तिला आहे, तू कशाला उठतोस? तुझं तू ठरव.

माफी मागणार नाही. माया कमी करायची तर कर.
आजी

भंवरकुआं
९ मार्च

ती. आजीस सा. न.

पेपर दिला. सकाळी हात गारच होते. फाटकाशी अर्पितसर शुभेच्छा द्यायला उभे होते. मला बघताच त्यांनी माझ्या मागे पाहिलं आणि हळूच विचारलं, "दादीजी साथ में तो नहीं आईं?" त्यांचा चेहरा बघून मला हसू फुटलं. तशीच आत गेले.

पुढच्या पेपरलाही येऊ नकोस. पण येणार आहेस, असं मी सरांना सांगून ठेवलंय.

तुझी संहिता