पाण्यानं धरून ठेवलेला गॅस

उस्ताद, हे पत्र सात वर्षं लांबवलं. कधी शाई नव्हती, कधी गाव बदललं, आणि खरं म्हणजे सांगण्यासारखं काही हाती नव्हतं. आज आहे. शेठच्या सरबताच्या दुकानातली गारव्याची मशीन सकाळपासून एकदाही अडकलेली नाही. मी तिच्यासमोरच बसून लिहितोय.

तो वैशाख आठवतो. तासातासाला व्हाल्वपाशी नळी बुजायची. आपण गरम पाण्याची फडकी गुंडाळायचो, ती सुटायची, पुन्हा बुजायची. शेठ भर गिऱ्हाइकांत म्हणाले, "मिस्त्री, तुमी आत पाणी सोडलंय. बर्फ धरतोय की." तुम्ही नळी उघडता. आतून निघालेला पांढरा खडा माझ्या तळहातावर ठेवता. तो नुसता वितळत नाही, चरचरतो, बुडबुडे सोडतो, गोडसर वास येतो. "बघ," तुम्ही म्हणता, "ह्यो निस्ता बर्फ न्हाय. पाण्यानं गॅसला धरून ठेवलंय. नळी बर्फ धरण्याएवढी गार नसली तरीबी हे बसतंय." शेठ म्हणाले, उन्हानं मिस्त्रीचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तुमचं काम बंद. मग सोलापुरात कुणीच तुम्हाला मशीनला हात लावू दिला नाही. तुम्ही दुनियेतून गेलात, आणि मागे उरलं ते एवढंच, मशीनमध्ये पाणी सोडणारा मिस्त्री.

मी भटकत राहिलो. अकलूज, मग कुर्डुवाडी. तिथं रेल्वेच्या डब्यांना पॉलिश करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे थांबलो, कामासाठी कसला, त्याच्या हातचं कालवण लई झकास म्हणून. त्याच्या स्पिरिटात पाण्याचा थेंब पडला की दिसेनासा व्हायचा. म्हातारा मला शिव्या घालायचा, म्हणायचा, हे स्पिरिट पाणी पिऊन टाकतं आणि मग माझं पॉलिश पांढरं पडतं. एकदा शिव्या खाता खाताच डोक्यात आलं, पाण्याला हे ओढून घेत असेल तर त्या खड्यातला गॅस सुटेल की.

काल इथं आलो. मधे तीन मिस्त्री होऊन गेले, नळी बुजायची ती बुजतच होती. गॅस काढून छोटी वाटीभर स्पिरिट आत घातलं, पुन्हा गॅस भरला. फडकं लागलं नाही. शेठ तासभर नळीवर हात ठेवून उभे होते. मग गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "मिस्त्री खरं बोलत हुता." अख्ख्या दुकानानं ऐकलं, उस्ताद.

आता एक राहिलं. नळी बसवण्याआधी फुंकून बघू नको, थोडा गॅस वाया गेला तरी चालंल, त्यानंच नळी झाडून घे, असं तुम्ही बजावलं होतं. सगळे मिस्त्री फुंकतात, म्हणून तुमची पाठ वळली की मीही फुंकायचो. आत शिरलेलं पाणी माझ्या तोंडच्या वाफेचं होतं. तुम्हाला ते कळलं होतं, तरी शेठपुढे माझं नाव काढलं नाहीत.

हे लिहितोय तोवर दारात तुमच्या घरच्या, चाची, येऊन उभ्या राहिल्यात. तुमचं काम सुटल्यापासून त्या या गल्लीतून कधी गेल्या नाहीत, लांबच्या रस्त्यानं बाजार करतात. कुणी सांगितलं कोण जाणे. आत या म्हटलं तरी येत नाहीत, मशीनचा आवाज ऐकतायत. पत्र इथंच ठेवतो. फुंकल्याचं आधी त्यांना सांगायला हवं.