डोंगर पुसल्यावर

१७ नोव्हेंबर, सर्वण

सामान लागलं एकदाचं. पेडण्याहून निघालेला टेम्पो म्हापशाच्या बाजारात अडकला, तरी जेवणवेळेला आम्ही नव्या घरात होतो. पहिल्या दिवशी चूल कशाला पेटवता म्हणून घरमालकीण चंद्रावतीमावशींनी हुमण, म्हणजे माशांचं कालवण, आणि भात पाठवला. घर बैठं, पण ऐसपैस. पुढे बसायला ओटीसारखा बाल्कांव, अंगणात तुळस, मागे विहीर, भोवती चिऱ्यांचा गडगा. गौरवी चार वर्षांची आहे. पेडण्याच्या खोल्यांत भिंतींवर आपटत वाढलेली पोर आज अंगणात धावून धावून तुळशीपाशीच झोपली.

उद्यापासून डिचोलीच्या खाण कंपनीत कामावर. अश्विनीने मीठ-मोहरी ओवाळली आणि वर ताकीद दिली की इथे तोंड आवरायचं. आधीच्या नोकऱ्या माझ्या तोंडाने गेल्या हे खरं आहे, पण समोरचे लोक मूर्ख होते हेही खरं आहे. असो, घर आवडलं. वायंगणाच्या भातशेतांवरून येणारा वारा थेट जनेलाच्या गजांतून आत येतो.

१९ नोव्हेंबर

ज्या यंत्रासाठी मला आणलं ते पाहिलं आणि डोकं फिरलं.

टेबलाखाली जुनं वर्कस्टेशन, त्यावर खाणीच्या तांबड्या धुळीचा थर. खाणीचे नकाशे करणारं सॉफ्टवेअर इतकं जुनं की आजच्या विंडोजवर चालत नाही, म्हणून कुणीतरी या यंत्राच्या पोटात दुसरं नकली यंत्र बसवलं आहे, व्हर्च्युअल मशीन. बाहेरचं म्हातारं आणि आतलं त्याहून म्हातारं. नकाशा उघडायला घातला, खाली जाऊन चहा आणि पाव-भाजी खाऊन आलो, तरी पडद्यावर घड्याळ फिरतंच होतं. मालक श्रीनाथबाब म्हणाले की नव्या परवान्यासाठी खाणीचा नकाशा सरकारला द्यायचा आहे आणि या गतीने तो त्यांच्या नातवाच्या हाती पडेल. विनोद त्यांचा, घाम माझा.

त्यात ऑफिसची तऱ्हा बघा. दिवेलागण झाली की त्या यंत्रासमोरचा माणूस उठतो. काम अर्धं असो, पाव असो, उठतो. ऑफिस सांभाळणाऱ्या प्रभावतीबाय स्वतः येऊन पडदा बंद करतात. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या की इथली पद्धत आहे. मी म्हणालो, असल्या पद्धतींमुळेच तुमच्या धंद्याचं वाटोळं झालं, आणि अजून बरंच म्हणालो, चार लोकांसमोर. त्या माझ्या आईच्या वयाच्या आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि त्यानंतर माझ्याशी बोलल्या नाहीत. नका बोलू. नाचता येईना अंगण वाकडं.

२४ नोव्हेंबर

यंत्र उघडलं. आतला पंखा धुळीने बसलेला, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली. तापलं की प्रोसेसर स्वतःच मंद होतो, जळू नये म्हणून. ब्लोअर मारला, नवी पेस्ट लावली. वीज वाचवण्याची सेटिंग चालू होती, ती बंद केली. अँटीव्हायरस त्या नकली यंत्राची अख्खी फाइल सारखी चाटत बसायचा, त्याला हाकललं. आणि कहर म्हणजे प्रोसेसरला आठ कोअर, आणि नकली यंत्राला दिलेला फक्त एक. आठ बैल गोठ्यात बांधून एकाच्या मानेवर नांगर. ज्या जुन्या सर्व्हेयरने हे केलं तो वारला म्हणतात, नाहीतर घरी जाऊन विचारलं असतं.

एवढं करूनही दिवेलागणीला प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो. कोणी काही चालवत नसताना. शोधलं तर नकाशाच्या खाली एक जुना थर सापडला. खाण सुरू होण्याआधीचा डोंगर, पूर्ण, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. झाडं आहेत, पायवाटा आहेत. तो डोंगर लोखंडाच्या मातीपायी कधीच बोटींतून परदेशी गेला, आता तिथे खड्डा आणि पाणी आहे. नसलेल्या डोंगरासाठी यंत्र रोज संध्याकाळी ऊर फुटेस्तोवर धावतं.

२७ नोव्हेंबर

डोंगर पुसला. जुन्या सगळ्या प्रतीही काढून टाकल्या, त्यांनीच डिस्क तुंबली होती. आठातले आठही कोअर नकली यंत्राला दिले. खरं तर असं करू नये, बाहेरच्याला थोडं राखावं, पण मला त्या लोकांना दाखवायचंच होतं.

चाचणीसाठी छोटा नकाशा हवा होता. खाणीवर जाऊन यायला वेळ कुणाला? कंपनीचा ड्रोन सकाळी आमच्याच घरावर उडवला. गौरवी त्याच्या सावलीमागे धावत होती. घर, तुळस, विहीर, गडगा, फाटक, सगळं आलं. दुपारी ते यंत्रात घातलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आमचं घर पडद्यावर उभं. श्रीनाथबाबांनी पाठ थोपटली. प्रभावतीबाय दारात येऊन बघून गेल्या, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, जिरली.

२९ नोव्हेंबर

संध्याकाळी प्रोसेसर पुन्हा शंभरावर. आता डोंगर नाही, मग काय चालतंय? पडद्यावर आमचं घर होतं. गडग्याच्या आतून घराभोवती मातीत एक रेघ उमटली होती. त्या रेघेवरची उंची बाकीपेक्षा कमी. सॉफ्टवेअरचा दोष असणार. करणाऱ्यांना शिव्या घातल्या आणि घरी आलो.

अश्विनी म्हणाली की दिवा लावताना घराभोवती कोणीतरी चालत होतं. काठी टेकत, आणि पायात करकरणाऱ्या जाड वहाणा असाव्यात. मावशींनी राखण्या ठेवला आहे का, असं तिने विचारलं. ठेवला असेल, मी म्हणालो.

१ डिसेंबर

घराभोवती चर पडला आहे. घोट्याइतका. तांबडी माती कापून काढल्यासारखी. न विचारता खणती लावली म्हणून मावशींशी भांडलो. त्या माझ्याहून वरचढ निघाल्या. आपल्या घराच्या पायाशी कोण खणतं, तुझ्याच पोरीने खेळताना केलं असेल, म्हणाल्या. चार वर्षांच्या पोरीने. मग चर जवळून पाहिला आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. त्यात कुदळीचा घाव नाही. गुळगुळीत आहे, पायाने झिजतो तसा.

चालणं आता थांबत नाही. सकाळीही होतं. दिसत कोणीच नाही.

२ डिसेंबर

घरात जाता येत नाही.

शांतपणे लिहितो. संध्याकाळी मोटरसायकल लावली, फाटक उघडलं, अंगणात पाऊल टाकलं. आणि मी रस्त्यावर होतो, फाटकाकडे पाठ करून. पुन्हा गेलो. पुन्हा रस्त्यावर. धावत गेलो, गडग्यावरून उडी मारली, मागून विहिरीकडून गेलो. दर वेळी तेच. अश्विनी जनेलात उभी राहून बघत होती. ती गौरवीला घेऊन बाहेर यायला निघाली की तुळशीपाशी परत पोचते. मावशी मला बाजूला सारून तावातावाने आत गेल्या आणि माझ्याच शेजारी रस्त्यावर आल्या. खाली बसल्या, पदर तोंडाला लावला.

फोन लागतो. अश्विनी विचारते, "अहो, तो इतको रागान कित्याक चालता?" एवढ्या रागाने का, हे मी कुठून सांगू?

३ डिसेंबर

डोंगर गेलेला बघून पांढरा पडलेला चेहरा आठवला, म्हणून प्रभावतीबायंच्या घरी गेलो. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"तुका कोणें सांगिल्लें तें काडूंक?" डोंगर काढायला तुला कोणी सांगितलं, एवढं म्हणून रडल्या, आणि मग रागाने सांगत गेल्या. डोंगर खणायला घेतला तेव्हा माणसं मरायला लागली, म्हणून देवळात कौल लावला. कौल आला की डोंगराच्या राखणदाराला आधी जागा द्या. रोज तिन्हीसांजेला तो आपल्या डोंगराला फेरी घालतो, फेरीशिवाय त्याला राहता येत नाही. जागा कुठून देणार, सगळी जमीन खाणीची. तेव्हा त्या सर्व्हेयरने अख्खा डोंगर मोजून यंत्रात ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. लोक हसले. पण माणसं मरायची थांबली. फेरीच्या वेळी कोणी मध्ये आलं तर तो थांबतो आणि समोरच्याला सोडत नाही, म्हणून सगळे उठतात.

मग सांगितलं का नाही, मी ओरडलो. त्या म्हणाल्या, तू विचारलंस तेव्हा उत्तर ऐकायला थांबला होतास का?

त्या एका कोअरचा अर्थ तिथे बसल्या बसल्या कळला. मंद यंत्रात एक फेरी संध्याकाळभर पुरायची. मी त्याचा डोंगर काढून घेतला, आमचं घर दिलं, आणि आठ पट वेग दिला. तो आता सगळीकडून एकाच वेळी चालतो आहे. मध्ये फटच नाही.

४ डिसेंबर

चर कमरेइतका. घर मातीच्या खांबावर उभं आहे असं दिसतं. खाणीत डोंगर असाच कापतात, कडेकडेने.

यंत्र बंद केलं. प्लगच उपटला. लगेच अश्विनीचा फोन, कुजबुजत. चालणं थांबलं आहे. तो थांबला आहे. उंबऱ्यावर. दाराच्या फटीतून वहाणा दिसतात. गौरवीला श्वास घेता येत— मी प्लग परत घातला, यंत्र चालू केलं.

आमचं घर नकाशातून पुसायला हात जात नाही. डोंगर पुसल्यावर त्याने घर धरलं. घर पुसल्यावर काय धरेल? घरात कोण आहे?

डोंगर परत आणता येत नाही. प्रतीसुद्धा मीच काढल्या. मीच. श्रीनाथबाबांना सगळं सांगितलं तर हसले, म्हणाले सुट्टी घे, पण यंत्राला हात लावू नकोस, आता कुठे ते पळायला लागलंय. यांच्याच बापजाद्यांनी डोंगर विकला आणि चरात माझी पोर. कानाखाली वाजवली असती, पण यंत्राच्या खोलीची किल्ली आता त्यांनी स्वतःकडे घेतली आहे.

गौरवीला ताप आहे. घरात दूध नाही, औषध नाही.

५ डिसेंबर

प्रभावतीबायंनी किल्ली आणली. कशी आणली ते विचारलं नाही.

जे जे केलं ते सगळं उलटं केलं. एकच कोअर ठेवला. वीज वाचवायची सेटिंग लावली. पंख्यावर गोणपाट कोंबलं, तापू दे, मंद होऊ दे. पडद्यावरची रेघ हळूहळू तुटली. एक टोक दिसलं. टोकामागे मोकळी माती. बाय म्हणाल्या, जा, मी इथून हलत नाही. त्यांच्या पाया पडलो.

६ डिसेंबर, घरात

आत आलो. मावशींची माडावर चढायची शिडी चरात लावून उतरलो, पलीकडे लावून चढलो. आवाज तेव्हा विहिरीमागे होता. चर माझ्या डोक्याच्या वर गेलाय. गौरवी तापाने फणफणली आहे, औषध पाजलं. तिघांनी एकदम जायचं. आवाज पुन्हा विहिरीमागे जाईपर्यंत थांबायचं. तोवर लिहितो आहे.

काठी. वहाण. काठी. हळू जातो आहे. पुढून गेला. आता विहिरीकडे वळेल—

बायंचा फोन. रडत होत्या. श्रीनाथबाब आले, यंत्र मंद बघून भडकले. बायंना खोलीबाहेर काढलं. फोंड्याहून माणूस आणलाय, तो हुशार आहे, पटपट करतो—

आवाज बदलला. काठीवर काठी. जवळजवळ.

हरामखोर. गोणपाट काढलं असेल. एकेक कोअर जोडतोय. माझ्यासारखाच कोणीतरी, डोकं नसलेला, शाबासकीला भुकेला.

थोडी फट आहे अजून. माणूस जाण्याइतकी नाही. कोणी वाटेत उभं राहिलं तर तो थांबेल. क्षणभर तरी. अश्विनीला सांगितलं, मी उभा राहतो, तू पोरीला घेऊन शिडीने चरात उतर, पलीकडे लावून चढ. मागे बघू नकोस. ती नको म्हणाली. ओरडलो. इतकं तिच्यावर कधीच ओरडलो नव्हतो. तुझ्या रडण्याला वेळ नाही म्हणालो. तिने डोळे पुसले. गौरवीला माझ्या मांडीवर दिलं, शाल शोधते म्हणाली.

दार वाजलं वाटतं. शाल इथेच आहे, गौरवीच्या अंगावर—

आवाज थांबला.

दार उघडं. अंगणात अश्विनी उभी आहे, पाठ माझ्याकडे. शिडी मोकळी आहे. ती हाताने खूण करते आहे, जा म्हणून, आणि तिच्या समोर—