विहीणबाईंचा आवाज

सूनबाई,

कोणाला खरं वाटणार नाही, पण आज मी कॉम्प्युटरला शरण आणलं. तुझ्या लग्नाची डीव्हीडी खराब झालेलीच नाही, आपलं सॉफ्टवेअर मुकं होतं. त्याला मी असा दम भरला की ते आपणहून घर सोडून गेलं. त्याच्या जागी दुसरं बसवलंय. स्क्रीनवरच्या निळ्या त्रिकोणावर दोनदा क्लिक कर. शेवटी विहीणबाई तुला हाक मारतात, ती स्वच्छ ऐकू येते. त्या गेल्यापासून तू याच आवाजासाठी झुरत होतीस ना?

निवांत बघ, आम्ही दोघं फिरून सावकाश येतो. मी फक्त आवाज तपासला, बाकी काही पाहिलं नाही.

तुझ्या सासूबाई चपला घालता घालता हे वाचून म्हणाल्या, "थापा नका मारू. दोनदा पाहिलीत, आणि ओला चष्मा मला पुसायला दिलात."