संगोपनाची जबाबदारी नव्हती, या हमीपत्राबाबत

प्रति,
मा. श्रेयांक हस्तांतरण अधिकारी,
नोकरदार विद्यार्थी विभाग,
विद्यापीठ कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझे दोन्ही दाखले खरे धरून जुने श्रेयांक व अनुभवाचे श्रेयांक मान्य करण्याबाबत, आणि 'अपत्याच्या संगोपनाची जबाबदारी नव्हती' हे हमीपत्र न मागण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे 'कागदपत्रांत विसंगती' असे पत्र.
२) चार नंबरच्या खिडकीवर मिळालेल्या तोंडी सूचना.

महोदय,

१. मी खाली सही करणारी अर्जदार, एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात कामाला आहे. वॉर्डातल्या चादरी, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे आणि रुग्णांचे झगे धुऊन, वाळवून, घड्या घालून वर पाठवणे हे माझे काम. आपल्या विद्यापीठाच्या व्यवसाय व्यवस्थापन पदवीसाठी मी अर्ज केला आहे. आमच्या लिफ्टशेजारी आपली जाहिरात लावलेली आहे : 'जिथे थांबलात, तिथून पुढे.' पूर्वी शिकलेल्या विषयांचे श्रेयांक धरले जातील, नोकरीच्या अनुभवाचेही धरले जातील, म्हणून फी माझ्यासारखीला झेपेल अशी, असे त्यात लिहिले आहे. मलमपट्टीच्या कपड्यांची गाडी ढकलत मी त्या जाहिरातीवरून रोज जाते. एके दिवशी गाडी थांबवून ती नीट वाचली, एवढेच माझ्या हातून घडले.

२. लग्नापूर्वी व लग्नानंतर मिळून मी दुसऱ्या एका महाविद्यालयात याच पदवीची दोन वर्षे पूर्ण केली होती. हिशेबशास्त्र, बाजारव्यवस्था, मनुष्यबळ, सगळे विषय चांगल्या गुणांनी सुटले. तिसऱ्या वर्षाची पुस्तके आणली त्या आठवड्यात मला दिवस गेले. उलट्यांनी मी भिंत धरून चालत होते. सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्या म्हणाल्या, "पुस्तकं कुठं पळून जात नाहीत. आधी हे पोर नीट येऊ दे." पुस्तके खरोखरच कुठे गेली नाहीत. माळ्यावर आहेत.

३. मुलगी झाली. तिला घरात ठकी म्हणतात. ती दहा महिन्यांची असताना सासूबाई गेल्या आणि मी रुग्णालयात कामाला लागले. माझे यजमान मालवाहू गाडीवर चालक आहेत. ते घरी येतात तेव्हा पाहुण्यासारखे येतात, पाणीसुद्धा मागून घेतात. म्हणून घराचा व पोरीचा भार माझ्यावर आणि माझ्या नणंदेवर. नणंद आमच्याजवळच राहतात. त्यांना मूल नाही. मी दुपारच्या पाळीला निघाले की ठकी त्यांच्याकडे असते.

४. आता हा अर्ज का, ते लिहिते. आमच्या धुलाई विभागाच्या पर्यवेक्षक, ज्यांना सगळे मुकादमकाकू म्हणतात, त्या या महिन्याअखेर निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागेला सकाळची पाळी आहे. ठकी बालवाडीतून घरी येते तेव्हा सकाळच्या पाळीची बाई घरी पोचलेली असते. मला त्या जागेतून दुसरे काही नको आहे. जागेसाठी व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी लागते, परंतु पदवीच्या शेवटच्या वर्षात प्रवेश असल्याचा दाखला दिला तरी चालेल, असे आमच्या व्यवस्थापकांनी लेखी कळवले आहे. काकू मला म्हणाल्या, "पोरी, खुर्ची मी धरून ठेवते. पण माझी हाडं आता माझंच ऐकत नाहीत, तर खुर्ची कुठवर ऐकेल? लवकर कर."

५. मी लवकर केले. आपल्या माहितीपत्रकाप्रमाणे दोन दाखले जोडले. पहिला दाखला खंडाचा. शिक्षणात पडलेला खंड अपत्यसंगोपनामुळे असल्यास जुने श्रेयांक बाद होत नाहीत, असा नियम आहे. छापील मजकूर असा होता : 'सदर काळात अर्जदार पूर्णवेळ अपत्यसंगोपनात होती.' मी सही केली. दुसरा दाखला अनुभवाचा, आपल्याच छापील नमुन्यावर, रुग्णालयाच्या शिक्क्याचा. त्यात लिहिले आहे : 'सदर काळात अर्जदार पूर्णवेळ सेवेत होती.' दुसऱ्या महाविद्यालयाचे जुने श्रेयांक आपल्याकडे पूर्ण दोन वर्षांचे धरत नाहीत, उरलेले अनुभवाचे श्रेयांक भरून काढतात; म्हणून दोन्ही जोडले तर मी थेट शेवटच्या वर्षात बसते.

आपल्या कार्यालयाने 'विसंगती' असे कळवून दोन्ही दाखले थांबवले. खिडकीवरच्या लिपिकांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून 'पूर्णवेळ' या शब्दांखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, "बाई, एका दिवसात दोन पूर्णवेळ बसत नाहीत. कोणता तरी एक खोटा आहे. कोणता ते तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "दोन्ही खरे आहेत." ते म्हणाले, "मग तुमचा दिवस मोठा असणार." मागच्या रांगेतली माणसे हसली. मीही हसले. खोटे कशाला सांगू.

६. याबाबत नम्र निवेदन असे की, संगोपन अर्धवेळही असते हे मला ठाऊक नव्हते. सकाळी तिला उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, तिच्या हट्टापायी एकच गोष्ट तीनदा सांगणे हे मी करते. दुपारी मशीनमध्ये चादरी टाकताना मला आठवते की तिच्या बुटाचा पट्टा तुटलाय. इस्त्रीच्या रोलरवर हात असतो आणि तिचा खोकला कालच्यापेक्षा बरा होता की वाईट, हे डोके ठरवत असते. हे कोणत्या वेळेत धरायचे, ते आपल्या माहितीपत्रकात दिलेले नाही. आम्हाला मनुष्यबळ या विषयात शिकवले होते की मनुष्य एका वेळी एका जागी हजर असतो. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण आहेत. गुणपत्रिका सोबत जोडली आहे.

७. खिडकीवर मला असे समजावण्यात आले की, संगोपनाचा दाखला ठेवला तर अनुभवाचे श्रेयांक जातील आणि मी दुसऱ्या वर्षात बसेन. नोकरीचा ठेवला तर जुने श्रेयांक जातील आणि मी पहिल्या वर्षात बसेन. दोन्ही प्रकारे काकूंची जागा जाते.

तेथील वरिष्ठ लिपिक बाईंनी मला आत बोलावून घेतले. त्या स्वभावाने चांगल्या आहेत, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी नियमावलीतले पान काढून दाखवले. ज्याने केवळ नोकरीसाठी शिक्षण थांबवले आणि ज्याच्यावर अपत्याची जबाबदारी नव्हती, अशा उमेदवाराचे जुने श्रेयांकही राहतात आणि अनुभवाचेही मिळतात. त्यासाठी हमीपत्राचा नमुना तयार आहे. त्यात लिहायचे की, 'सदर काळात माझ्या अपत्याच्या संगोपनाची जबाबदारी माझ्यावर नव्हती, ती अमुक व्यक्तीवर होती', आणि त्या व्यक्तीनेही सही करायची. बाई म्हणाल्या, "मीही दोन लेकरांची आई आहे गं, म्हणून सांगते. कागदाला सांगायचंय, पोरीला नाही. कर सही आणि मोकळी हो."

मी विचारले, हा नियम कोणासाठी केला असेल? त्या नियमावली मिटत म्हणाल्या, "पुरुषांसाठी असेल."

८. मी नमुना घरी नेला आणि नणंदेपुढे ठेवला. त्या ठकीची वेणी घालत होत्या. त्यांनी तो वाचला, वेणी पुरी केली, रिबीन बांधली, ठकीला बाहेर खेळायला पाठवले आणि मग बोलल्या. त्यांचे बोलणे जसेच्या तसे देते, कारण आपल्या निर्णयाला ते उपयोगी पडेल.

"वहिनी, तुझी पोर मी सांभाळते ती आत्या म्हणून. तू संध्याकाळभर नसतेस, तेव्हा ती मला चुकून आई म्हणते. मी दरवेळी म्हणते, 'आत्या म्हण.' दरवेळी म्हणते. ते म्हणायला मला काय पडतं ते माझं मला माहीत. आता तू सरकारी शिक्क्यानं लिहून देणार की पोर माझ्याकडेच होती. मग मी तिला 'आत्या म्हण' कशाच्या जोरावर सांगू?"

मी म्हटलं, कागदच आहे, वन्सं.

त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी कागद. माझ्याकडे तेवढाही नाही."

नंतर त्यांनी सही करायचे कबूल केले. माझ्यासाठी केले. पण त्या दिवसापासून त्या ठकीला उचलून घेण्याआधी माझ्याकडे बघतात. पूर्वी बघत नसत.

९. आणखी एक बाब मला लिहायची नव्हती, परंतु निर्णय घेताना सर्व बाजू समोर असाव्यात असे आपल्या पत्रात म्हटले आहे. ठकी हल्ली शेजारच्या मुलींबरोबर घरघर खेळते. एक मूल होते, एक आत्या होते, एक आई होते. आई झालेली मुलगी खांद्याला पिशवी लावते, सगळ्यांना टाटा करते आणि दाराबाहेर जाते. खेळ संपेपर्यंत तिला आत यायचे नसते. परवा एका मुलीने बाहेरून विचारले, "मी कधी येऊ?" तर ठकी म्हणाली, "तू आई आहेस ना? मग तू नाही यायचंस." आई व्हायला आता कोणी तयार नसते, त्यावरून त्यांची भांडणे होतात.

सकाळची पाळी मला का हवी, याचे कारण प्रवेश अर्जात 'पदोन्नती' असे लिहिले आहे. रकाना लहान होता.

१०. तरी महोदयांना कळकळीची विनंती की, माझे दोन्ही दाखले खरे मानावेत. 'पूर्णवेळ' हा शब्द दोन्हीकडे आपल्याच छापखान्यातून आलेला आहे, माझा नाही. तो एका ठिकाणी खोडायची मला परवानगी द्यावी, म्हणजे विसंगती उरणार नाही. खिडकीवर मी ही परवानगी मागितली तेव्हा 'छापील मजकुरात खाडाखोड चालत नाही' असे उत्तर मिळाले. जो शब्द खोडता येत नाही तो खरा धरायला हरकत नसावी, असे माझ्या अल्पबुद्धीला वाटते.

११. प्रवेशाची यादी शुक्रवारी बंद होते. तोवर आपला निर्णय न आल्यास मला हमीपत्रावर सही करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि मी ती करीन. हे मी आपल्याला भीती घालायला किंवा दया यावी म्हणून लिहीत नाही. मी करीन, कारण एकदा खोटे लिहून तिची रोजची संध्याकाळ मिळत असेल, तर तो सौदा मला समजतो. मी व्यवसाय व्यवस्थापनाचीच विद्यार्थिनी आहे.

परंतु त्या दिवसासंबंधी एक अडचण आधीच आपल्या कानावर घालते. हमीपत्रावर सह्या आपल्यासमोर, आपल्या खोलीत कराव्या लागतात. जबाबदारी जिच्यावर नव्हती ती आणि जिच्यावर होती ती, अशा आम्हा दोघींनाही एकाच वेळी आत यावे लागेल. यजमान गाडीवर आहेत. बालवाडीला त्या दिवशी सुटी आहे. शेजारच्या काकू त्यांच्या गावी गेल्या आहेत. ठकीला बाहेर बाकावर एकटीला बसवता येणार नाही, ती माणसांच्या मागे जाते. तेव्हा ती माझ्या कडेवर असेल. आपल्या दारावर 'लहान मुलांना आत आणू नये' अशी पाटी आहे, ती मी वाचली आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

सहीपूर्वी हमीपत्र मोठ्याने वाचून दाखवण्याची व 'हे खरे आहे का?' असे विचारण्याची आपल्या कार्यालयाची पद्धत आहे, असे लिपिक बाईंनी सांगितले. त्यावर अर्जदाराने ऐकू येईल असे 'होय' म्हणायचे असते. मी म्हणेन.

फक्त एवढी विनंती आहे की, आपण ते हळू आवाजात वाचावे. तिला आता सगळे समजते.

कळावे, आणि शक्य तर शुक्रवारच्या आत कळवावे.

आपली आज्ञाधारक,
(सही)
अर्जदार, ठकीची आई

दिनांक : सोमवार, दुपारच्या पाळीपूर्वी

सोबत :
१) पूर्वीच्या महाविद्यालयाच्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका.
२) खंडाचा दाखला, लाल रेघेसह.
३) रुग्णालयाचा अनुभवाचा दाखला, लाल रेघेसह.
४) व्यवस्थापकांचे पत्र.
५) हमीपत्राचा नमुना. कोरा. मागे पेन्सिलीने काढलेले घर आहे, ते ठकीने काढले आहे. खोडायचा प्रयत्न केला, पूर्ण गेले नाही.