वाघमाऱ्यांचा पाय आणि मंजुरीपत्र

प्रिय अहो,

आठवतं का, रविवारी दुपारी जेवणं झाली की तुम्ही टेबल पुसून घ्यायचात आणि आपण दोघं ड्रेसिंगचे गॉज कापायला बसायचो? तुमच्या घड्या सरळ, माझ्या वाकड्या. कॉन्व्हेंटमध्ये शिवण शिकवत नव्हते वाटतं, असं तुम्ही दर रविवारी म्हणायचात आणि मी दर रविवारी चिडायचे.

आज लिहिते आहे, कारण सरकारी आरोग्य विमा योजनेच्या कार्यालयातून तुमच्या नावे पत्र आलंय. मोफत उपचारांची यादी नव्याने करणार आहेत, डॉक्टरांनी सूचना पाठवाव्यात. तुम्ही जाऊन वर्ष झालं, हे त्यांना कोणी कळवलंच नाही. म्हणजे मीच नाही कळवलं.

ते पत्र ठेवायला तुमचा खण उघडला, तर आत वाघमाऱ्यांच्या पायाचं मंजुरीपत्र! इतकी वर्षं जपलंत? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?

वाघमारे नारायण पेठेत आपल्या नर्सिंग होमच्या कोपऱ्यावर रिक्षा लावायचे. साखरेमुळे त्यांच्या उजव्या पायाची जखम चिघळली, दोन बोटं काळी पडली. योजना तेव्हा नवीन होती. केशरी रेशनकार्ड दाखवायचं, उपचाराचे पैसे सरकार देणार. कॉम्प्युटरवर अर्ज भरायचं काम माझं. त्या दिवशी तुम्ही बाहेर गेला होतात. मी यादी शोधली. महिनोन् महिने ड्रेसिंग करून पाय वाचवणं, असं त्यात काही नव्हतंच. पाय कापण्याची शस्त्रक्रिया होती. निदान दाखल तरी होतील, पुढचं तुम्ही बघाल, असं म्हणून मी तेच भरलं.

दुसऱ्याच दिवशी मंजुरी आली. वाघमाऱ्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, पेढे आणले. पाय कापायचे पेढे! मीही एक खाल्ला.

तुम्ही पेढा हातात तसाच धरून पत्र वाचलंत. वाघमारे हात जोडून म्हणाले, "जयभीम डॉक्टर. सरकारनं मंजूर केलंय, आता तुम्ही नाही म्हणू नका."

"ब्रेक कोणत्या पायाने मारता, वाघमारे?"

"उजव्या."

"मग सरकारला रिक्षा चालवता येते का, ते आधी विचारू."

दोन बोटं गेली, पण बाकीचा पाय तुम्ही सोडला नाहीत. रोज सकाळी बाहेरच्या बाकावर ड्रेसिंग. घरी करता यावं म्हणून शांताबाईंनाही शिकवलंत. त्या कामाला यादीत नाव नव्हतं, म्हणून सरकारकडून काही येणार नव्हतं. मी रुसले होते. असं नर्सिंग होम चालायचं कसं, असं विचारलं होतं. चुकलं माझं.

योजनेमुळे कितीतरी गरिबांची ऑपरेशनं झाली, हे तुम्हीही मानायचात. पण ज्याचे पैसे मिळतात, तेच वाढत गेलं. ताप, दमा, कावीळ बघणारी आपल्या गल्लीतली दोन छोटी इस्पितळं बंद पडली, नंतर आपलाही वरचा मजला. तिकडे वाघोलीला ऑपरेशन थिएटरांचे मजले चढले. कोणी वाईट नव्हतं हो, यादीच तशी होती. आपली आयटीतली मुग्धा म्हणाली होती, "बाबा, जे लिस्टमध्ये नाही, ते सिस्टीमला दिसतच नाही." तुम्ही म्हणालात, "मग सिस्टीमला चष्मा लाव."

वाघमारे अजून रिक्षा चालवतात. मला बँकेत तेच नेतात, आणि ब्रेक जरा जोरातच मारतात.

आज ते मंजुरीपत्र उलटं केलं. मागे बॉलपेनने, तारीख घालून, तुम्ही दर सोमवारी जखमेची कड रेखत होतात. मोठीच्या आत छोटी, तिच्या आत आणखी छोटी. मधोमध एक ठिपका. त्यापुढे काही नाही.

तर आता वाटणी ऐका. स्टेथोस्कोप खालच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंना. गॉजची कात्री शांताबाईंना, त्या आता वस्तीतल्या चार जणांचे पाय बघतात. तुमचा चष्मा मुग्धाला. का, ते तिला कळेल. मंजुरीपत्राची दोन्ही बाजूंची झेरॉक्स योजनेच्या कार्यालयाला, तुमची सूचना म्हणून. मूळ कागद माझ्याकडे राहील.

त्यांच्या पत्रासोबत आलेला सूचनांचा अर्ज मीच भरणार आहे. या वेळी यादीत जे आहे ते नाही, जे नाही ते लिहीन. आणि ते यादीत येईपर्यंत लिहीत राहीन, हे वचन.

तुमची,
वाकड्या घड्यांची
सुमेधा