माळ्यावरची पिंपं

९ ऑक्टोबर

फिर्मँ पडला. द्राक्षं पिळायच्या यंत्रापाशी उभा होता. शेवटच्या पाट्या ओतून झाल्या होत्या. मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि ते एका बाजूला ओघळलं. मला वाटलं, चेष्टा करतोय. इतकी वर्षं संसार झाला की बायकोला आधी चेष्टाच वाटते.

आता लोंसच्या इस्पितळात आहे. शुद्धीवर आहे. उजवा हात उचलवत नाही. बोलत नाही.

११ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांना सगळं कळतंय, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. कधी येतील? "सांगता येणार नाही." लगेच येतील, उशिरा येतील, न येतीलही. मी मान हलवली. दुसरं काय हलवणार!

१४ ऑक्टोबर

नुसता बघतो. मी बडबडते. गावात मला बडबडी म्हणतात, पण उत्तर न देणाऱ्या माणसाशी बडबडायला किती दमायला होतं ते आता कळतंय.

२० ऑक्टोबर

लेक मारिऑन आली, जावईही आला. तिबो दिजाँला शाळेत भूगोल शिकवतो. शाळेला सुट्टी लागलीय. माणूस लाखात एक. बुर्गोन्यमधल्या मर्सोचा, बापजाद्यांपासून वाइन करणाऱ्यांच्या घरातला. फिर्मँ त्याला चिडवतो, "तुमच्या बुर्गोन्यवाल्यांना भूगोल शिकावाच लागतो. आपल्या गावापलीकडे जग आहे हे त्यांना पुस्तकात वाचूनच कळतं." हे कोण म्हणतंय, तर आमच्या एवढ्याशा शातो-शालोंचा माणूस! माझं माहेर लेत्वाल, इथून सायकलने जावं इतकं जवळ. आमचं गाव जिच्यावर मिरवतं ती पिवळी वाइन तिथेही होते. पण नवऱ्यासमोर तसं म्हणायची अजून माझी प्राज्ञा नाही.

रोज लोंसला जाऊन संध्याकाळी परत येते. घराकडे कोण बघणार? तिबोला म्हटलं, तळघर नि पिंपं तेवढी बघ रे बाबा. त्याचा चेहरा उजळला. उपयोगी पडायला मिळालं म्हणून.

३१ ऑक्टोबर

लिहवत नाही.

जेवताना तिबो म्हणाला, "आई, काळजी सोडा. सगळी पिंपं भरून टाकली. माळ्यावरची तर केवढी उतरली होती! बाबांना बरेच महिने जमलं नसावं."

मी म्हटलं, "माळ्यावरची?"

"हो ना. वर पांढरं धरलं होतं सगळ्यांवर. तळघरातली गेल्या वर्षीची पांढरी वाइन घेतली, तोंडापर्यंत ओतली, पांढरं सगळं उतू जाऊ दिलं. मग फडक्याने पुसून घेतलं. आता कशी लख्ख आहेत!"

आणि सूपसाठी वाटी पुढे केली. मी वाढलं. हात वाढत होता, मी कुठेतरी दुसरीकडेच होते.

त्याच्या गावी पिंपातली वाइन जराशी उतरली की लगेच भरतात. वर पांढरं आलं तर रोग समजतात, भरून उतू जाऊ देतात. लहानपणापासून बापाच्या हाताखाली तेच करत आलाय. आणि आमच्याकडे? पिंप उतरू द्यायचं. दुधावर यावी तशी वाइनवर साय येते, तिला सहा वर्षं धक्का लावायचा नाही. भरायचं नाही, ढवळायचं नाही, श्वासही जपून घ्यायचा. त्या सायीखालीच पिवळी वाइन होते. तिबोला हे ठाऊक आहे. दर नाताळात आमच्या टेबलावर पितो की! पण बाकीच्यांची ती पिंपं तळघरात असतात, म्हणून त्याला वाटलं आमचीही तिथेच असतील. फिर्मँच्या आजोबांपासून आमची माळ्यावर. उन्हाळ्यात तापतं, थंडीत गारठतं, सायीला तेच मानवतं. कुठल्या पिंपात काय आहे ते फिर्मँच्या डोक्यात. खडूची एक रेघसुद्धा नाही कशावर.

खिडकीपाशी असलेली रांग या डिसेंबरात तयार व्हायची होती. बाकीची त्यामागून, एकेका वर्षाची. सगळी गेली.

१ नोव्हेंबर

माळ्यावर जाऊन आले. जिना चढताना ओल्या अक्रोडाचा, थोडा मेथीचा असा वास यायचा. आज ताज्या वाइनचा आला. स्वच्छ, छान, परका वास.

तिबोला आता कळलंय. जिन्यात डोकं धरून बसलाय. त्याच्या कानाखाली वाजवावी असं मनात आलं आणि दुसऱ्या क्षणी त्याला कुशीत घ्यावंसं वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. मारिऑन म्हणते, "आई, त्याला काही बोलू नकोस. सकाळपासून जेवला नाहीये." जशी काही मी मेजवान्या झोडतेय!

४ नोव्हेंबर

लुसियँला बोलावलं. आमचा शेजारी, मळ्याला मळा लागून. तोडणीआधी समिती गावातल्या सगळ्या वेली बघत फिरते, यंदा वाइनला गावाचं नाव लावायचं की नाही ते ठरवते, त्यात तो नि फिर्मँ दोघेही. त्याने एकेका पिंपाचं बूच काढून दिवा धरला. शेवटचं बूच लावल्यावर टोपी काढून हातात घेतली. मयताला आल्यावर घेतात तशी.

"ओदेत, यातलं एकही शातो-शालों नाही आता."

"मग काय आहे?"

"पांढरी वाइन. बाटलीच्या चिठ्ठीवर कोत द्यु ज्युरा लिही नि विकून टाक. कोंबडी शिजवायला बरी." लगेच ओशाळला. "माफ कर. तोंडातून गेलं."

चुकलं काहीच नाही त्याचं. गावाचं नाव फक्त त्या एका वाइनला मिळतं. तेच सावान्याँ द्राक्ष, तोच उतार, तोच माणूस, पण वर साय नसेल तर गावाचं नाव नाही. मग ती साऱ्या ज्युरामधल्या चारचौघींसारखी एक.

तिबो खाली मान घालून म्हणाला, "प्रत्येकातली थोडी काढून घेऊ. जागा झाली की साय पुन्हा धरेल."

"धरेल," लुसियँ म्हणाला. "पण मधली वर्षं कुठून आणशील, पोरा?"

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

आणि टोपी घालून गेला. मला राग आला. मग आठवलं, त्या पावसाळी वर्षी द्राक्षं वेलीवर सडली तेव्हा समितीने यंदा नाव घ्यायचंच नाही असं ठरवलं. अख्ख्या गावाने सोडलं. हात वर करणारा पहिला माणूस फिर्मँ होता. घरी येऊन रात्रभर कण्हत होता, पण हात त्याचाच पहिला.

१५ नोव्हेंबर

फिर्मँला सांगितलेलं नाही. मनाला धक्का बसू देऊ नका, अशी ताकीद आहे. आज डाव्या हाताने हवेत गोल काढला, मग बोट वर केलं. पिंप. माळा. "सगळं ठीक आहे," मी म्हटलं. आजवर याच्याशी खोटं बोलायला गेले की हा अर्ध्यावरच पकडायचा. आज पकडता आलं नाही. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. बाथरूममध्ये जाऊन रडले.

२ डिसेंबर

बोलायला शिकवणारी पोरगी मांजराचं चित्र दाखवते. "हे काय आहे, मस्यु फिर्मँ?" त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मलाही तिथेच बघावंसं वाटलं.

१९ डिसेंबर

घरी आणला. पलंग खाली बैठकीत टाकलाय. दिवसभर छताकडे बोट. खिडकीकडच्या रांगेतली वाइन याच दिवसांत बाटल्यांत भरायची होती, त्याला विसर कसा पडेल? कोपऱ्यात रुंद खांद्यांच्या बुटक्या बाटल्यांची रास आहे, तिकडेही बोट.

"जानेवारीत भरू," म्हटलं. "तू बरा झालास की."

लुसियँ भेटायला आला होता. माझं बोलणं होईपर्यंत स्वतःच्या बुटांकडे बघत बसला.

२५ डिसेंबर

पोरं आली. तिबो मान वर करत नाही. फिर्मँने शेजारच्या खुर्चीवर थाप मारली, त्याला बसवून घेतलं. मी जुनी पिवळी वाइन उघडली, कोंते चीज कापलं. फिर्मँने डाव्या हाताने बाटली धरली, पहिला ग्लास तिबोचा भरला. अर्धी टेबलावर सांडली, पण ओतली. चिडवायला शब्द नाहीत, म्हणून डोळा मारला.

तिबो लाकडं आणायला म्हणून उठला. चूल भरलेलीच होती. बराच वेळ आला नाही.

६ जानेवारी

तिबोचं ते बोलणं मनातून जात नाही. थोडी थोडी काढून घ्यायची. साय येईल. फिर्मँला कळायचं कारण नाही, चव घ्यायला तो जिना चढणार कसा? लुसियँ काही गावभर सांगत सुटणारा नाही.

आज नळी नि बादली घेऊन वर गेले. पहिल्या पिंपाचं बूच काढलं. नळी हातात धरून उभी राहिले, थंडीने बोटं आखडेपर्यंत. बूच लावलं, खाली आले.

ही माझी पिंपंच नाहीत. ज्याची आहेत त्याला विचारता येत नाही. विचारलं तरी त्याला सांगता येत नाही.

१० जानेवारी

काही नाही. बर्फ.

२२ जानेवारी

सँ-व्हँसाँचा सण. द्राक्षवाल्यांचा देव खांद्यावर घेऊन मंडळी दारावरून गेली. फिर्मँला खिडकीत बसवलं होतं. आजवर खांदा द्यायला पुढे असायचा. सगळ्यांनी टोप्या काढल्या. त्याने मान हलवली आणि मग छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मारिऑन फोनवर म्हणते, सांगून टाक आई. तिबो म्हणतो, मी येतो रविवारी, मीच सांगतो, माझंच काम आहे ते. ठीक आहे. रविवारी.

२३ जानेवारी

पाव आणायला गेले होते. परत आले तर पलंग रिकामा. वरून आवाज — ठक. ठक.

जिन्याकडे पाठ करून, एकेका पायरीवर बसत चढला असणार. विजार धुळीने माखलेली. पिंपाला टेकून उभा होता. डाव्या हाताच्या मुठीने एक ठोकलं, कान लावला. उतरलेलं पिंप वरून पोकळ वाजतं. पुढचं. त्याच्या पुढचं. मी दारात उभी. पाव अजून काखेतच.

खिडकीपाशी पोचला. तिथलं ठोकलं. माझ्याकडे वळला.

"भरलंय," म्हणाला.

स्पष्ट. अख्खा शब्द. ऑक्टोबरपासूनचा पहिला.

देवा, मला क्षमा कर. पिंपांचं काहीच आठवलं नाही मला. धुळीत त्याच्या पायाशी बसले आणि म्हटलं, पुन्हा म्हण. फिर्मँ, पुन्हा म्हण.