महादेवाची गळती आणि आमचा प्रोसेसर

आळंद,
ज्येष्ठाचा पहिला आठवडा, २००६

चिरंजीव मल्लेश यास योगीराजमामाचे आशीर्वाद.

श्रीपतरावांच्या शिवप्रसादचं लग्न अखेर आज सकाळी आमच्या पुढच्या खोलीत लागलं. या वृत्तास वरमाई कलाबाई यांनी दुजोरा दिला आहे. मुळात ते वैशाखातच अक्कलकोटला, मांडवात, ब्राह्मणाच्या साक्षीनं लागलं होतं. पण तू जोडून दिलेल्या कॉम्प्युटरात ते काही केल्या लागत नव्हतं, आणि गावाचा विश्वास हल्ली ब्राह्मणापेक्षा सीडीवर जास्त. (बातमी आधी आणि खुशाली मागून, ही खोड सोलापूरच्या पेपराला मजकूर पाठवून पाठवून लागलेली आहे. रागावू नकोस.)

तर खुशाली. तुझी तब्येत कशी आहे, मेसचं जेवण मानवतं का, हे तुझ्या मामीनं विचारलं आहे. इकडे तिचे गुडघे सोडून सर्व क्षेम. ऊन असं आहे की आडत बाजारातले हमालही तुरीच्या पोत्यांच्या सावलीला बसून पोत्यांनाच शिव्या देतात.

आमच्या रेणूनं शिवप्रसादच्या लग्नाची फिल्म करायला घेतली हे तुला माहीतच आहे. श्रीपतरावांचं म्हणणं असं की, पोरगा बंगळूरला परत जायच्या आत सीडी हातात पडली तर बाजारातला आपला रिकामा गाळा रेणूच्या स्टुडिओला देऊ. नाही पडली तर तिथं पेंडीचं दुकान येईल. रेणूनं त्या दिवसापासून बोर्डाचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. अडचण एवढीच की कलाबाईंना फिल्ममध्ये नवरानवरी कमळातून उगवताना हवी होती, वर गुलाबाच्या पाकळ्या, मागं मोर. एवढा सगळा संसार ओढताना कॉम्प्युटर मुंगीच्या पावलानं चालायला लागला.

मग तिनं तुला फोन लावला. (तुला ती हल्ली थोरल्या भावाला म्हणावं तसं 'अण्णा' म्हणते, लक्षात आलंच असेल. मला वाटलं, वळण लागलं.) आणि तू तिला ओव्हरक्लॉकिंग शिकवलंस. मला जेवढं कळलं ते असं: प्रोसेसर ठराविक वेगानं पळायचा म्हणून कंपनी विकते, पण त्याच्या अंगात थोडा दम राखून ठेवलेला असतो, चालू करताना निळ्या पडद्यावर जाऊन आकडे वाढवले की तो राखीव दमसुद्धा वापरायला लागतो. बैलाच्या बाबतीत याला आपण आर लावणं म्हणतो आणि म्हातारी माणसं त्यावरून ओरडतात.

पहिल्या दिवशी आनंदीआनंद. कमळ उमललं, मोर नाचला, आणि ऐन अंतरपाटाशी येऊन पडदा काळा. पुन्हा चालू केलं, पुन्हा अंतरपाटाशी बंद. मंगलाष्टकं चालू, भटजी तोंड उघडून उभे, पलीकडे नवरी, अलीकडे नवरा, आणि मध्ये तो अंतरपाट काही खाली येईना. कलाबाई रोज प्रगती बघायला येत. तिसऱ्यांदा हेच बघितल्यावर त्या मटकन खाली बसल्या. "रेणू, आमच्या पोराचं लगीन व्हायलंय का न्हाई, ते एकदाचं सांग बाई."

रेणूनं तुला विचारलं. तू म्हणालास, व्होल्टेज थोडं वाढव. वाढवलं. आता तो अंतरपाटाच्या आधीच, हळदीतच बसायला लागला. तू म्हणालास, अजून थोडं वाढव. मल्लेश, तुझ्या प्रत्येक सल्ल्याचा शेवट 'अजून थोडं वाढव' असाच होतो, हे मी बाजूला बसून नोंदवलेलं आहे. प्रोसेसर इतका तापला की तुझ्या मामीनं त्याच्यावर हात धरला आणि निदान केलं, "अंगात उष्णता झाल्या त्याच्या, सब्जा द्या." सब्जा देता येत नाही म्हटल्यावर ती विंझणा घेऊन वारा घालत शेजारी बसली. कॅबिनेटचं झाकण काढलं. समोर कूलर लावला, तर कूलर चालू झाला की खोलीतला बल्ब मिणमिणायचा आणि कॉम्प्युटर मान टाकायचा. दोघांपैकी एकालाच जगवता येईल अशी परिस्थिती होती.

तेव्हा तू ते पुण्याच्या पोरांचं सांगितलंस, की ती पंखा काढून प्रोसेसरवर तांब्याचं भांडंच ठेवतात आणि त्यात बर्फ भरतात. आमच्या घरात तांब्याचा एकच तांब्या, त्याचाही तळ गोल. सपाट तळाचं जाड तांबं गावात एकाच ठिकाणी होतं: महादेवाच्या देवळात. वैशाखात पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत राहावं म्हणून जी गळती टांगतात, तिची जुनी जोडीदारीण कोनाड्यात पडून होती. बंडेप्पा पुजाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "घेऊन जावा की. थंड करायचंच काम हाय तिचं. देव काय, मशीन काय, ताप तो तापच."

आता गळती म्हटली की तळाला भोक आलंच. ते बुजवायला आम्ही मेण लावलं. (इथं 'आम्ही' म्हणजे मी. रेणू 'अप्पा, मेण नको' म्हणाली होती, पण पेपरवाल्यांचं ऐकून घ्यायची सवय गावाला आहे, पेपरवाल्याला नाही.) बर्फ भरला, रेणूनं बटण दाबलं. हळद झाली. वरात आली. अंतरपाट धरला. खोलीत कलाबाई, तुझी मामी, बंडेप्पा, श्वास रोखून. आणि मेण वितळलं.

महादेवाची गळती, तिला आपलं काम पाठ. थेंब पडला. बंडेप्पांचे हात आपोआप जुळले आणि ते रुद्र म्हणायला लागले. दुसरा थेंब पडायच्या आत गावाची लाईट गेली. उभ्या आयुष्यात लाईट जाण्याबद्दल मी पेपरात तक्रारीच लिहिल्या. त्या सगळ्या मी आज मागे घेतो. वीज असती तर प्रोसेसर थेट कैलासाला गेला असता.

रेणूनं या वेळी कुणाचा सल्ला घेतला नाही. तुलाही फोन केला नाही. तिनं सगळे भाग सोडवून ओल शोषली जावी म्हणून ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवले, दोन दिवस कणगीला हात लावू दिला नाही. (आम्ही भात खाल्ला.) मग ब्रशनं प्रोसेसरचा काढून ठेवलेला पंखा झाडला, तर आतून निघालेल्या धुळीत तुरीचा भुसाच मूठभर. तो पंखा परत बसवला, व्होल्टेज मूळचं केलं, वेग कंपनीनं सांगितलेल्यापेक्षा फक्त एक पायरी वर ठेवला. कॉम्प्युटर खाली शहाबादी फरशीवर मांडला आणि गार वेळ बघून पहाटे चालू केला. मी विचारलं, "थोडं वाढवायचं का?" ती म्हणाली, "जेवढं झेपायलंय तेवढंच बरं हाय, अप्पा."

आज सकाळी अंतरपाट खाली आला. कलाबाईंनी पदरात बांधून आणलेले तांदूळ भर्रकन मॉनिटरवर टाकले. कीबोर्डवरची 'ए' आणि 'एस' ही बटणं त्यामुळे अजून कुरकुरतात. श्रीपतरावांनी गाळ्याची किल्ली रेणूच्या हातात दिली.

बाकी सर्व ठीक. अभ्यास, नोकरी, तब्येत सांभाळ.

तुझा,
योगीराजमामा

ता.क. गळती देवळात परत केली. तिच्यामुळे मशीन चाललं असं बंडेप्पा सगळ्यांना सांगतात. मी खंडन केलेलं नाही.

ता.क. वरचं सगळं प्रस्तावना समज. सुभद्राअक्का, म्हणजे तुझी आई, शुक्रवारी उमरग्याच्या बसनं नारळ आणि साडी घेऊन येत आहे. मामाची पोरगी असताना बाहेरची कशाला, असा तिचा निरोप आहे. मी रेणूला विचारलं. ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "दिवाळीपसनं मी त्यांना अण्णा म्हणायलेय. आता काय त्याचा पण बोर्ड लावू?" तुझ्यावर तिचा राग नाही. तू जोडलेल्या कॉम्प्युटरला ती कुणाला हात लावू देत नाही. पण अक्कानं मला कडेवर वागवलेलं आहे, तिच्यापुढे माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. तेव्हा नकार तुझ्याकडून जावा. कारण काय सांगायचं ते तू ठरव, फक्त व्होल्टेज वाढवू नकोस.

ता.क. शुक्रवारची बस दुपारपर्यंत आळंदला पोचणं अपेक्षित आहे. त्याआधी तुझा फोन उमरग्याला जाईल, असा जाणकारांचा अंदाज आहे. (जाणकार म्हणजे तुझी मामी.) न गेल्यास अक्कानं थेट बाजारात उतरावं, रेणू त्या वेळी बोर्ड लावायला गाळ्यावर शिडी लावून चढलेली असेल, उत्तर ती वरूनच देईल.